फितींचे राखणदार

काही वर्षांपूर्वी अंत्रुज महालातील एका देवस्थानच्या अग्रशाळेची डागडुजी चालली असता तेथील एक जुने फडताळ आमच्या समक्ष उघडण्यात आले. वरच्या खणात जमाखर्चाच्या वह्या होत्या. त्यांपैकी काहींना शंभर वर्षे सहज होऊन गेली असतील. कडा कसरीने खाल्ल्या होत्या, शाई तांबूस पडली होती, पण आकडा न् आकडा लागत होता. खालच्या खणातून पत्र्याचे तीन गोल डबे आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यांत ठेवलेली ध्वनिफितींची आठ रिळे निघाली. डब्यांवर कोणी तरी सुवाच्य अक्षरात 'जत्रा, १९६६' असे लिहून कागद चिकटवला होता. मुंबईस व्यापार करणाऱ्या एका महाजनांनी आपल्या १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने त्या वर्षीच्या जत्रेचे चित्रण केले होते, एवढे जुन्या मंडळींना ऐकून ठाऊक होते. ते पाहिलेले मात्र कोणी उरले नव्हते. पहिला डबा उघडला तो असा काही आंबट दर्प आला की जवळ उभे असलेले भटजी दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "हांगा विनागराचो वास येता!"

भटजींचे निदान अचूक होते. चित्रफितीच्या या रोगास जगभरच्या चित्रसंग्रहालयांत व्हिनेगरच्याच नावाने ओळखतात. शंभर वर्षांच्या वह्या वाचता याव्यात आणि त्यांच्याच पायथ्याशी ठेवलेली, वयाने कितीतरी लहान असलेली फीत नासून जावी, याचे देवस्थानच्या मंडळींस फार नवल वाटले. डबे निष्काळजीपणे टाकून दिलेले नव्हते. झाकणाभोवती चिकटपट्टी लावून ते घट्ट बंद केले होते, वर मांजरपाटाचे फडके गुंडाळले होते आणि फडताळाची किल्ली खजिनदारांपाशी होती. आपण ज्यास नीट ठेवणे म्हणतो तसे ते सर्व ठेवलेले होते, आणि त्या ठेवण्यानेच त्यांचा घात केला होता. हे कसे घडले ते समजण्यास थोडे मागे जावे लागते.

चित्रफीत म्हणजे एका पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्या थरात अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण. आपण पडद्यावर जे पाहतो ती त्या चांदीची सावली. चांदी सहसा दगा देत नाही. दगा देते ती खालची पट्टी. चित्रपटसृष्टीच्या आरंभापासून १९५० च्या आसपासपर्यंत ही पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून हे द्रव्य बनवतात आणि सुरुंगाच्या दारूशी त्याचे सख्खे नाते आहे. ते पेटले की जळण्यास लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्यानेही विझत नाही. शिवाय पेटले नाही तरी ते कुजतेच. आधी चित्र फिके होते, मग फीत चिकट होते, तिच्यावर फोड येतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. कुजू लागलेली नायट्रेटची फीत ४१ अंश सेल्सियसच्या आसपास आपोआपही पेटू शकते. ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या वाचकांस वैशाखातील ४१ अंश म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला तो असल्याच फितीवर. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत या देशात तेराशेंहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज पूर्ण वा तुकड्यांच्या रूपाने हाती आहेत ते तीसदेखील नाहीत. १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' याची एकही प्रत उरलेली नाही. काही आगीत गेले, काही कुजले, आणि पुष्कळसे चांदीपायी गेले. चित्रपटाचा धंदा संपला की त्याची रिळे वजनावर विकायची, घेणाऱ्याने ती धुऊन चांदी काढायची, असा रिवाजच होता. पंचरशी मूर्ती वितळवून तिची भांडी करणाऱ्यास आपण काय म्हणू ते सर्वांस ठाऊक आहे. पण फितीकडे त्या नजरेने पाहण्याची तेव्हा कोणास सवय नव्हती, आणि निर्मात्यांसच काय, प्रेक्षकांसही ती नव्हती. खेळ पाहिला, संपला.

ही नजर ज्यांनी प्रथम दिली त्यांत परमेश कृष्णन् नायर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी नायर तेथे रुजू झाले. १९९१ पर्यंत त्यांनी देशभर फिरून डबे गोळा केले. फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांना मिळालेल्या सामग्रीतून १९१९ चा 'कालिया मर्दन' बराचसा पुन्हा उभा राहिला. त्यात फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्णाच्या भूमिकेत आहे. यमुनेच्या डोहात उडी घेणारी ती चिमुरडी पोर आज आपण पाहू शकतो याचे श्रेय जेवढे फाळक्यांचे तेवढेच गंजके डबे दारोदार शोधणाऱ्या या केरळी गृहस्थाचे आहे, असे आम्हांस वाटते. २०१६ मध्ये ते वारले. त्यांनी जोडलेले संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे.

गोळा करणे म्हणजे राखणे नव्हे, याचा दाखलाही पुण्यातच घडला. पूर्वीच्या प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात, जेथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तेथील नायट्रेटच्या कोठीस ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि आत असलेला जुना ठेवा जळून गेला. ज्या चित्रपटांच्या प्रती तत्पूर्वी न पेटणाऱ्या फितीवर उतरवून घेतल्या होत्या ते चित्रपट म्हणून वाचले. बाकीच्यांचा विषय तेथेच संपला. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आपल्यापैकी अनेकांनी एकादशीच्या रात्री सभामंडपात चादर टांगून पाहिला असेल. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो १९३७ साली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत तेरा दिवस राहून कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा आहे. तुकोबांच्या चित्रपटास मात्र वेळेवर प्रत काढणारा माणूसच हवा.

न पेटणारी फीत म्हणजे अ‍ॅसिटेटची, आणि येथून आमच्या डब्यांची कथा सुरू होते. सेल्युलोज ट्रायअ‍ॅसिटेटची पट्टी १९४८ मध्ये बाजारात आली. तिचे नावच 'सेफ्टी फिल्म'. आगीचे भय गेले म्हणून सारे निर्धास्त झाले. परंतु दहा वर्षे व्हायच्या आत ही पट्टीही नासत असल्याचे पहिले गाऱ्हाणे ईस्टमन कोडॅक कंपनीकडे पोहोचले, आणि ते पाठवणारे होते भारत सरकार. इकडच्या उष्ण व दमट हवेत ठेवलेल्या फितींना आंबट वास येऊ लागला होता, त्या आखडून वाकड्या होऊ लागल्या होत्या. पुढे तशाच हवेच्या इतर ठिकाणांहूनही गाऱ्हाणी आली. थंड देशांतल्या संग्रहालयांस हा रोग कळण्याआधी तो आपल्या हवेने ओळखून दिला, हा मान म्हणावा की दुर्दैव, ते वाचकांनी ठरवावे.

रोगाची रीत अशी. हवेतील ओलावा पट्टीत शिरतो आणि तिच्यातून असेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्लच, सुटू लागते. हे सुटलेले आम्ल पुढची झीज अधिक वेगाने घडवते. दुधास विरजण लागावे तसा हा प्रकार आहे: पहिला थेंब पडेपर्यंत वेळ जातो, नंतर सारे भांडे पाहता पाहता लागते. त्यातून आम्लाची वाफ शेजारच्या निरोगी डब्यासही बाधते. अमेरिकेत रॉचेस्टर येथील प्रतिमा-संरक्षणाच्या संस्थेने पुष्कळ प्रयोग करून असे अनुमान काढले आहे की, ताजी अ‍ॅसिटेटची फीत २१ अंश उष्णतेत आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवली तर सुमारे चाळीस वर्षांनी हे विरजण लागते. उष्णता वाढेल तसतशी ही मुदत झपाट्याने घटते आणि थंडीत शतकांनी वाढते. आता गोव्याचा आषाढ आठवावा. भिंतीस हात लावला तर ओला होतो, पोथीची पाने एकमेकांस चिकटतात, आणि हवेतील आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत घट्ट बंद केलेला डबा म्हणजे आत सुटलेले आम्ल आतच कोंडून ठेवणे. चिकटपट्टीने आणि फडक्याने जे केले ते हेच.

जाणती संग्रहालये म्हणून अगदी उलट वागतात. डबे वायुवीजनाचे, न गंजणारे; फीत फार आवळून वा फार सैल गुंडाळलेली नाही; रोगट फीत निरोगी फितींपासून सोवळ्यात. डब्यात एक निळी कागदी पट्टी ठेवतात. आम्ल सुटू लागले की ती आधी हिरवी आणि मग पिवळी होते, आणि नाकास वास येण्यापूर्वीच इशारा मिळतो. खोली कोरडी आणि थंड ठेवतात, अ‍ॅसिटेटसाठी शीतकपाटाइतकी, रंगीत फितीसाठी त्याहूनही थंड. कारण रंगीत फितीत चांदी धुऊन जाते आणि रंगद्रव्येच उरतात. ती कोठीच्या अंधारातही उडतात. जुन्या रंगीत चित्रपटांत आकाश आणि झाडी नाहीशी होऊन सारे गुलाबी दिसते ते निळसर रंग आधी उडाल्यामुळे. थंड कोठीतून डबा बाहेर काढला की तो तडक उघडीत नाहीत; मधल्या खोलीत विसावू देतात. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दहिवर जमते तसे ते फितीवर जमले तर जिलेटिन फुगते.

आता ध्वनिफितीकडे वळतो. तिची जात निराळी. फ्रिट्झ फ्लॉयमर नावाच्या जर्मन संशोधकाने १९२८ साली कागदाच्या पट्टीवर लोहाची पूड चिकटवून तिच्यात आवाज साठवला. १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मॅग्नेटोफोन यंत्र मांडले गेले. आणि महायुद्धानंतर ही विद्या जगभर पसरली. आपल्याकडे आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, आणि पुढील काही दशकांत गवयांचे गाणे तासतासभर साठवण्याची सोय झाली ती या फितीमुळे. तत्पूर्वीच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत ख्याल आटपावा लागे. केरीच्या केसरबाई ध्वनिमुद्रणाविषयी किती चोखंदळ होत्या हे प्रसिद्धच आहे. त्यांची एक भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अंतराळात गेली. तेथे ना दमट हवा, ना बुरशी. पृथ्वीवरील गाण्याची स्थिती मात्र तशी नाही. जगभरच्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी केंद्रांत फीत महाग म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा घेण्याची चाल होती; जे त्यातून सुटले ते आता फितीच्या म्हातारपणाशी झगडत आहे.

ध्वनिफितीत आवाज लोहाच्या भस्मात असतो आणि ते भस्म एका लुकणाने पट्टीस चिकटवलेले असते. आरंभीच्या पट्ट्या अ‍ॅसिटेटच्या, म्हणून त्यांनाही विनागराची बाधा होते. पुढे पॉलिएस्टरच्या आल्या. त्या बळकट, पण १९७० नंतरच्या काही जातींत वापरलेले लुकण हवेतील पाणी शोषते. अशी फीत यंत्रावर चढवली की गुळासारखी चिकटते, किंचाळते आणि भस्म यंत्राच्या तोंडास सोडून जाते. तिला ५० ते ५५ अंशांच्या मंद, एकसारख्या उबेत आठ तास किंवा अधिक ठेवतात. त्याने ती काही आठवडे वाजण्याजोगी होते आणि तेवढ्यात प्रत काढून घेतात. अ‍ॅसिटेटच्या फितीस मात्र ही ऊब मुळीच देऊ नये. ओळखण्याची रीत सोपी आहे: रीळ उजेडापुढे धरावे, कडेतून उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेट. ध्वनिफीत फार गार करूनही चालत नाही. ८ अंशांखाली नेली तर लुकणातील वंगण वेगळे होण्याचे भय असते. रिळे आडवी रचू नयेत, पुस्तकांप्रमाणे उभी ठेवावीत; पंख्याच्या मोटारीजवळ, ध्वनिवर्धकाजवळ ठेवू नयेत.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेल्या फितीत एका वेटोळ्याचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटतो. कीर्तनकार क्षणभर स्तब्ध राहिले आहेत, मंडप शांत आहे, आणि 'पुंडलीक वरदे' ही गर्जना होण्याच्या किंचित आधी तीच गर्जना कोठून तरी दुरून, अगदी क्षीण, ऐकू येते. म्हणून जाणकार फीत वाजवून झाल्यावर उलट गुंडाळीत नाहीत, शेवट बाहेर ठेवूनच ठेवतात. मग अधिक मोठा प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या मागून येतो आणि त्यातच बुडून जातो. हे एवढेसे ज्ञान घरोघरी असते तर किती बरे झाले असते!

आमच्या मते सर्वांत मोठे संकट फितीचे नव्हे, यंत्राचे आहे. फीत धडधाकट असून ती वाजवणारे यंत्र नसेल तर ती गाठोड्यातील दोरीसारखीच. युनेस्को आणि ध्वनिचित्र संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून २०१९ मध्ये जगभर इशारा दिला की २०२५ च्या सुमारास अशा यंत्रांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात दुर्मीळ होतील. ती मुदत भरली आहे. आजचे लोक म्हणतात, संगणकावर उतरवून घेतले की झाले. ते अवश्य उतरवावे. पण मोठमोठी संग्रहालये ती संगणकीय अक्षरे पुन्हा चुंबकीय फितीवरच साठवतात, आणि त्या फितींचे नवे यंत्र मागल्या एक-दोन पिढ्यांपलीकडची फीत वाचीत नाही. म्हणजे दर काही वर्षांनी पुन्हा नवी प्रत. केळशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात कवळ्यास आली आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, तेव्हा तेथे नेमाने दिवा लावणारी माणसे पाठीशी होती. फितीतील आवाजासही एका देहातून दुसऱ्या देहात असेच न्यावे लागते, आणि तेही एकदाच नेऊन भागत नाही.

असो. त्या फडताळाचे पुढे काय झाले ते सांगतो. तीन डब्यांपैकी दोघांतील फीत एकजीव ढेकूळ झाली होती. तिचा एकही पदर सुटला नाही. तिसऱ्या डब्यातील फीत आखडली होती, तरी एका जाणत्या तंत्रज्ञाने तिचे चित्र न् चित्र हाताने सरकवून सहा मिनिटांचा भाग मिळवला. त्यात तळीच्या पायऱ्यांवरून चढणारी पालखी आहे, अब्दागीर आहे, आणि कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारी एक परकरी पोर आहे. ध्वनिफितींच्या आठ रिळांपैकी सात वाजली. त्यांतील एकीस उबेत ठेवावे लागले. चार रिळांवर कीर्तने आहेत, दोहोंवर भजन, आणि एकावर सभामंडपातील नाटकाचे दोन अंक. गाणाऱ्यांची नावे खोक्यांवर कोणीच लिहिली नव्हती. ठेवणाऱ्यास ती तोंडपाठ होती, म्हणून लिहिण्याचे कारण नव्हते. आम्ही ती रिळे गावातील वयस्क मंडळींस बसवून ऐकवली. दोन आवाज ओळखले गेले, एकाविषयी वाद झाला तो अद्याप मिटलेला नाही, आणि बाकीचे तसेच निनावी आहेत. परकरी पोर मात्र सापडली. ती आज पणजीत नातवंडांसह असते.

प्रतींचे तीन संच करून ते तीन निरनिराळ्या ठिकाणी ठेवले. मूळ रिळे उभी करून, खाली सिलिका जेलच्या पिशव्या घालून एका वातानुकूलित खोलीत हलवली. देवस्थान समितीने त्या वर्षीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाच्या वहीत 'फितींची देखरेख' असे नवे खाते घातले. त्यावर बरीच चर्चा झाली. एका महाजनांनी हा खर्च दरवर्षी कशाला असे विचारले, तेव्हा दर पावसाळ्यानंतर डबे उघडून वास घ्यावा लागेल, असे खजिनदारांनी त्यांना समजावले. पहिल्या वर्षाची रक्कम नगाऱ्याचे कातडे बदलण्यास लागलेल्या खर्चाहून किंचित कमी होती.